जॅकी रॉबिन्सनसारख्या बेसबॉलपटूला खेळ सोडल्यावर कॉफीच्या कंपनीत नोकरी का करावी लागली? तिथे तो नावापुरताच होता का?

‘करावी लागली’ आणि ‘नावापुरता’. एका प्रश्नात दोन टोमणे. तुम्ही सहज विचारलं असेल, पण मी खेळाडू कोट्यातून चिकटून ३८ वर्षं बँकेत काढलेला माणूस आहे. उत्तर लांबणार.

आधी तुमचं. रॉबिन्सन म्हणजे आधुनिक काळात अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल लीगमध्ये खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. नोकरी त्याच्या गळ्यात पडली नव्हती, त्याने ती स्वतः धरली. १९५६ च्या डिसेंबरात ब्रुकलिन डॉजर्सने त्याला परस्पर न्यूयॉर्क जायंट्सला देऊन टाकलं. दहा हंगाम ज्या संघासाठी घाम गाळला त्यांनी गावातल्याच हाडवैऱ्याच्या हवाली केलं. तोवर चॉक फुल ओ’नट्स या कॉफीच्या दुकानांच्या कंपनीचा मालक विल्यम ब्लॅक याच्याशी त्याचं बोलणं पक्कं होत आलं होतं. निवृत्तीची बातमी ‘लुक’ मासिकाला आधीच विकलेली, त्यामुळे तोंड मिटून बसला होता एवढंच. वय ३८ ला टेकलेलं, पाय पूर्वीसारखे चालेनात, आणि खेळ सोडल्यावर लवकरच मधुमेह निघाला. जायंट्सकडे तो गेलाच नाही. १९५७ पासून कंपनीचा उपाध्यक्ष, खातं कर्मचाऱ्यांचं. त्या दुकानांतले बहुतेक कामगार कृष्णवर्णीय होते. त्यांच्या वरच्या खुर्चीत त्यांच्यातलाच माणूस बसणं ही तेव्हाच्या अमेरिकेत साधी गोष्ट नव्हती.

आता ‘नावापुरता’.

मी कबड्डी खेळायचो, डावा कोपरा. १९८३ साली बँकेत लागलो. बँकेचं नाव सांगत नाही, पेन्शन तिथूनच येते. आठ वर्षं माझं काम एकच, मस्टरवर सही करायची आणि मैदानावर जायचं. व्यावसायिक गटात आमचा संघ बरा होता. १९९१ मध्ये एका पकडीत चढाईवाला माझ्या गुडघ्यावरच आडवा पडला आणि आतलं काहीतरी तुटलं. चार महिने घरी. परत आलो तेव्हा संघात माझ्या जागी दुसरा मुलगा आलेला, आणि मला उपनगरातल्या एका शाखेत पाठवलं.

पहिल्या दिवशी साहेबांनी खांबाच्या मागचं टेबल दाखवलं. म्हणाले, ‘बसा.’ मी विचारलं, काम काय? म्हणाले, ‘बसा हो, दमला असाल खेळून.’ टेबलाच्या खणात वाळून खडक झालेलं स्टॅम्प पॅड, कुणाच्या तरी लग्नाची दोन वर्षांपूर्वीची पत्रिका आणि कागदाला चिकटलेली एक लिमलेटची गोळी. तीन आठवडे मी त्या खणाकडे बघत बसलो. काउंटरला टोकन घेऊन लोक ताटकळलेले, लेजरवाल्या बाई मान वर करत नाहीत आणि मी पंख्याखाली. लोकांना वाटतं मजा आहे. एकदा बसून बघा.

शेवटी हेडकॅशिअर होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, त्यांच्या मागे लागलो. दुपारी कॅश बंद झाली की ते मला लेजर शिकवायचे. बचत खात्याचं व्याज कसं काढायचं, वाउचरवरून नोंद कशी करायची, अक्षर बारीक आणि आकडा ठसठशीत का हवा. हातात घाम यायचा. मैदानात समोर सात जण असताना कधी आला नव्हता.

तेव्हा सगळं हाताने. महिन्याच्या शेवटी बचतीच्या सगळ्या खात्यांच्या शिल्लक रकमा उतरवून काढायच्या आणि त्यांची बेरीज जनरल लेजरशी, म्हणजे शाखेच्या एकूण हिशेबाच्या वहीशी, जुळवायची. यालाच बॅलन्सिंग म्हणायचे. आमच्या शाखेत ती पाच महिने जुळत नव्हती. फरक ५४ रुपयांचा. पाच लाखांचा फरक परवडला, कुठेतरी दिसतो तरी. ५४ रुपये म्हणजे गवतात सुई. ऑडिट तोंडावर आलेलं. हेडकॅशिअर एकदा सहज बोलून गेले होते की फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर आधी उलटे पडलेले आकडे शोधायचे, ३६ चे ६३ झालेत का ते. ५४ ला जातो. मी शनिवारी अर्ध्या दिवसानंतर शिपायाला थांबवलं, सगळी लेजरं खाली काढली आणि फक्त शेवटचे दोन आकडे बघत सुटलो, ज्यांच्यात सहाचा फरक आहे असे. २८-८२, १७-७१, ३९-९३. संध्याकाळी सव्वासातला सापडलं. १,७२८ ची शिल्लक पुढच्या पानावर नेताना कुणीतरी १,७८२ केली होती. एका आजींचं खातं. पाच महिने त्या ५४ रुपयांनी श्रीमंत होत्या आणि त्यांना पत्ता नव्हता.

सोमवारी साहेबांना दाखवलं. ते सगळ्या स्टाफसमोर उभे राहून म्हणाले, ‘वा! आमच्या पैलवानाला गणित येतं!’ सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याचा राग मला अजून आहे, माझ्या स्वतःच्या.

(कबड्डीवाल्याला पैलवान म्हणणाऱ्यांबद्दल वेगळं उत्तर लिहीन कधीतरी.)

तर रॉबिन्सन. मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तिने न्यूयॉर्कमधलं त्याच्या नावाचं संग्रहालय दाखवलं, २०२२ मध्ये उघडलेलं. बेसबॉल मला अजून धड कळत नाही, चेंडू मागे गेला तर बाद का नाही इथपासून सुरुवात. पण घरी येऊन लॅपटॉपवर त्याची पत्रं वाचत बसलो आणि त्यातलं एक डोक्यातून जाईना. तारीख १३ मे १९५८. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर आदल्या दिवशी कृष्णवर्णीय नेत्यांच्या सभेत म्हणाले होते की धीर धरा. हा गडी श्रोत्यांत बसलेला. दुसऱ्या दिवशी सरळ पत्र ठोकलं, की तुमचं ऐकून मला उठून ओरडावंसं वाटलं, नको, पुन्हा तेच नको. आमच्यासारखा धीर जगात कुणी धरला नसेल, १ कोटी ७० लाख माणसं लोकांची मनं बदलायची वाट बघत बसू शकत नाहीत.

आणि कागद कुठला? चॉक फुल ओ’नट्सचा. वर कंपनीचं नाव, पत्ता ४२५ लेक्सिंग्टन अव्हेन्यू. कॉफी विकणाऱ्या कंपनीच्या लेटरहेडवर देशाच्या राष्ट्राध्यक्षाला खडसावतोय, खाली स्वतःची सही. नावापुरता ठेवलेला माणूस असं करत नाही हो. त्याला लेटरहेड कुठल्या कपाटात असतं हेही माहीत नसतं. मला आठ वर्षांत बँकेचं लेटरहेड मिळालं ते स्पर्धेच्या रजेसाठी, तेही टाइप करून, फक्त सही करा म्हणून.

नोकरीत असतानाच तो नागरी हक्कांच्या कामासाठी गावोगाव निधी जमवत फिरला, वर्तमानपत्रात सदर लिहिलं. १९६२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, बेसबॉलच्या मानाच्या यादीत, गेला. १९६४ मध्ये नोकरी सोडून, राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवायला निघालेले न्यूयॉर्कचे गव्हर्नर रॉकफेलर यांच्या प्रचारात उतरला. त्याच सुमाराला हार्लेममध्ये, न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, फ्रीडम नॅशनल बँक काढली, कारण कृष्णवर्णीयांना कर्ज द्यायला कुणी उभं करत नव्हतं. १९७० मध्ये कर्ट फ्लड हा खेळाडू, मला न विचारता दुसऱ्या क्लबला विकता कसे, म्हणून कोर्टात गेला. तेव्हा खेळात असलेला एकही खेळाडू साक्षीला आला नाही. पोटाचा प्रश्न, मी त्यांना दोष देणार नाही. रॉबिन्सन साक्षीला गेला, खेळ सोडून १३ वर्षं झालेली असताना.

काय केलं नाही ते पण बघा. बेसबॉलने त्याला मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, केलं नाही. ऑक्टोबर १९७२ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम लढतीच्या, वेळी सिनसिनाटीच्या मैदानात त्याचा सत्कार झाला. मधुमेहाने नजर जवळजवळ गेलेली. नुसते आभार मानून थांबायचं सोडून तो तिथेही बोललाच, की एक दिवस तिकडे तिसऱ्या बेसजवळ कृष्णवर्णीय मॅनेजर उभा दिसला तर जास्त आनंद होईल. नऊ दिवसांनी गेला, वय ५३. पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर १९७५ मध्ये आला, फ्रँक रॉबिन्सन, आडनाव सारखं, नातं काही नाही. १९९७ मध्ये सगळ्या संघांनी मिळून त्याची ४२ नंबरची जर्सी कायमची राखून ठेवली. नंबर राखणं सोपं असतं. खुर्ची द्यायला जड जाते.

म्हणून माझं सरळ मत. खेळाडूला नोकरी देता तर काम द्या. काम देणार नसाल तर नोकरी देऊ नका, बक्षीस द्या, शाल द्या, घरी पाठवा. आणि कोट्यातून लागलेल्या पोरांनो, गुडघा शाबूत आहे तोवर दुपारी तासभर टेबलावर बसा. मी आठ वर्षं बसलो नाही, ती चूक माझी. साहेबांची नाही.

एक-दोन गोष्टी राहिल्या. पैशाची गरज त्यालाही होतीच. तेव्हाचे पगार आजच्यासारखे नव्हते आणि घरात तीन मुलं, तेव्हा तुमचं ‘करावी लागली’ अगदीच चूक नाही. १९६० मध्ये त्याने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत निक्सनला पाठिंबा दिला, नंतर पस्तावला. माल्कम एक्स या जहाल कृष्णवर्णीय नेत्याने त्याच्यावर नेमका ‘गोऱ्या साहेबांचा माणूस’ असा ठपका ठेवला होता, त्यालाही त्याने वर्तमानपत्रातून उत्तर दिलं. ती बँक १९९० मध्ये बंद पडली. बँकवाला म्हणून सांगतो, नाव मोठं असलं म्हणून कर्जं वसूल होत नाहीत.

आता हे आमच्या साडूंसाठी, कारण ते माझी उत्तरं वाचतात आणि लाईक करत नाहीत. ते दुसऱ्या बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले, परीक्षा देऊन वर गेलेले. गेल्या वर्षी नातवाच्या बारशाला चार लोकांत म्हणाले, ‘तुमची काय चैन, बँकेने खेळायचा पगार दिला.’ मी जिलबी खाली ठेवली आणि विचारलं, बॅलन्सिंगमध्ये ५४ चा फरक आला तर आधी काय शोधाल? म्हणाले, ‘आता ते सगळं कॉम्प्युटर करतो.’

मी आत्ताचं विचारलं नव्हतं.