पद गेलं, आता लोक काय म्हणत असतील?

"मॅडम, लोक काय बोलत असतील हो माझ्याबद्दल?" हा प्रश्न मला सारखाच ऐकायला मिळतो, पण ह्या पन्नाशीच्या गृहस्थांनी तो समुपदेशनाच्या पहिल्याच सेशनला सात-आठदा विचारला (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत हां). प्लांट हेड होते, कंपनीत फेरबदल झाले, पगार तोच राहिला पण केबिन, ड्रायव्हर, मान सगळं गेलं. तेव्हापासून मॉर्निंग वॉक बंद, नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला आणि पुतण्याच्या मुंजीलाही जायचं नाही म्हणत होते.

"कोणी काही बोलत नाहीये" हे बायको रोज सांगतच होती, त्यात मी अजून काय भर घालणार. मला रोमन इतिहासाचा जुना नाद, म्हणून रोमचा प्रसिद्ध वक्ता आणि वकील सिसेरो, त्याचा किस्सा सांगितला. इसवी सनपूर्व 75 मध्ये हा तिशीतला माणूस सिसिली ह्या रोमच्या ताब्यातल्या बेटावर क्वेस्टर होता, म्हणजे खजिना सांभाळणारा अधिकारी, रोममध्ये महागाई होती तेव्हा ह्याने तिकडून भरपूर धान्य पाठवलेलं, त्यामुळे परतताना ह्याला वाटत होतं की अख्ख्या रोममध्ये आपलीच चर्चा असणार. वाटेत नेपल्सजवळ पुतेओलीला थांबला, बडी मंडळी तिथे हवापालटाला यायची, तर एकजण विचारतो काय, रोमहून कधी निघालास, तिकडची काय खबर? हा म्हणाला, अरे मी प्रांतातून येतोय! "हां हां, आफ्रिकेतून ना?" हा चिडून म्हणाला, सिसिलीतून! त्यावर तिसरा एकजण मोठ्या शहाणपणाने सांगतो, तुला माहीत नाही का, हा सिराक्यूजला होता. तेही चूक, पोस्टिंग होतं लिलिबियमला, बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. शेवटी सिसेरोने राग गिळला आणि आपणही इथे स्नानालाच आलोय असं दाखवून गर्दीत मिसळला. वीसेक वर्षांनी भर कोर्टात त्याने स्वतःच हे सांगितलंय.

गृहस्थ पहिल्यांदा हसले. मग विचारलं, "पुढे सुधारला का तो?"

आता खोटं कशाला बोलू. नाही सुधारला. रोमन लोकांचे कान जड पण नजर तेज, असं म्हणून त्याने रोज त्यांच्या डोळ्यांसमोर राहायचं ठरवलं. माझ्या मते कौतुकाची भूक अशी सहजासहजी जात नाही, मोठमोठ्यांची गेली नाही, म्हणून मी "लोकांचा विचार सोडा" असं कुणालाच सांगत नाही. ह्यांना एवढंच म्हटलं, मुंजीला जा आणि तुमच्या नोकरीचा विषय किती जण काढतात ते नुसतं मोजा.

दोघांनी काढला. बाकी सगळे पार्किंग, गुडघे आणि मठ्ठा छान झालाय ह्यावरच. पण त्या दोघांतला एक खोचक बोलला, आणि तेवढंच वाक्य धरून ह्यांनी पुढची तीन सेशन्स काढली, चालायचंच.

ग्रुपमध्ये अजून परत गेले नाहीयेत. वॉक मात्र सुरू झालाय, पण संध्याकाळी, त्या वेळेला ओळखीचे कमी असतात म्हणे.