आधी बघा, शीर कोणती

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पोळी-भाजी केंद्रात रोज आठ-नऊ तास उभं राहणं, डाव्या पोटरीवर निळ्या गाठाळलेल्या शिरा, संध्याकाळी सुजणारा घोटा, त्याच्या आतल्या बाजूला खाज आणि तपकिरी डाग. सासूबाई म्हणतात शीर काढली तर पाय अधू होईल, शेजारीण म्हणते तेल लावून रगडा. मी एसटीत २९ वर्षं कंडक्टर होतो. यातलं सगळं माझ्या उजव्या पायावर होऊन गेलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याकडे घोटाळा शब्दापासूनच होतो. कंबरेतून पायात कळ गेली की शीर दबली, रात्री पोटरीत वांब आला की शिरेवर शीर चढली, आणि तुमच्यासारखं झालं की शीर फुगली (डॉक्टर याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात). पहिली नस मेंदूचे निरोप नेणारी, दुसरा प्रकार स्नायूचा, आणि तिसरी तेवढी रक्तवाहिनी. त्यातही अशुद्ध रक्त वर हृदयाकडे नेणारी. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. मी दीड वर्ष कंबरेचे व्यायाम करत होतो, आता बोला.

या शिरांमध्ये ठरावीक अंतरावर झडपा असतात. रक्त वर जाऊ द्यायचं, खाली येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. वर ढकलणारा पंप म्हणजे पोटरीचा स्नायू. चालताना तो आवळतो, रक्त वर चढतं. नुसतं उभं राहिलं की पंप बंद. उभ्या माणसाच्या घोट्याजवळ शिरेतला दाब साधारण ८० ते ९० असतो (बीपी मोजतो त्याच मापात), आणि चांगल्या पायात चालायला लागलं की तो ३०च्या खाली येतो. झडपा गळक्या झाल्या की चालूनही तो पुरेसा उतरत नाही. मग शीर फुगते, पाणी झिरपून सूज येते, तांबड्या पेशी बाहेर पडतात आणि त्यांतलं लोह कातडीत राहतं. तुमचा तपकिरी डाग म्हणजे एका अर्थी गंज आहे.

म्हणूनच मला तुमच्या फुगलेल्या शिरांपेक्षा त्या डागाची आणि खाजेची काळजी वाटते. माझ्या घोट्याची खाज एका दवाखान्यात गजकर्ण म्हणून पाहिली गेली. तीन महिने ट्यूब लावली. पायजमा वर करून, उभं करून पाय कुणी बघितलाच नाही. एका रात्री झोपेत खाजवलं, रुपयाएवढी जखम झाली आणि ती भरायला पाच महिने लागले. पुढे कळलं की ब्रिटनमध्ये अशाच जखमांवर झालेली एक चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली होती. ज्यांची दाब देणारी पट्टी बांधण्यासोबत गळकी शीरही लवकर बंद केली, त्यांच्यातल्या निम्म्या लोकांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. ज्यांची शीर नंतर बंद करायची ठेवली त्यांना त्याच टप्प्याला ८२ दिवस लागले. तेव्हा खाजवू नका, कातडी कोरडी पडू देऊ नका, खोबरेल किंवा व्हॅसलीन हलक्या हाताने लावा. रगडणं मात्र नको. झडप तेलाने दुरुस्त होत नाही, आणि आत रक्ताची गुठळी असली तर रगडणं धोक्याचं.

आता सासूबाईंची भीती. पायातलं बहुतेक रक्त, दहातले नऊ भाग म्हणा, स्नायूंच्या आतल्या खोल शिरांतून वर जातं. कातडीखालची ही लांब शीर घोट्यापासून जांघेपर्यंत जाते. हृदयाच्या बायपासला डॉक्टर हीच काढून वापरतात आणि ती माणसं चालतात-फिरतात. शिवाय हल्ली बहुतेकदा शीर काढतही नाहीत. पायाला भूल देऊन, सुईच्या वाटेने लेझरची किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीची तार आत घालून ती आतूनच उष्णतेने बंद करतात. मी त्याच दिवशी चालत घरी आलो. शिरेत फेसासारखं औषध टोचून ती बंद करणं, म्हणजे फेसाचं इंजेक्शन, हा दुसरा मार्ग. त्याने काही दिवस गाठी आणि डाग राहू शकतात. काही वर्षांनी दुसरी शीर फुगू शकते, हेही आधीच ऐकून ठेवा. जडपणा कमी करणाऱ्या गोळ्या मिळतात, थोडा आराम पडतो, पण गळती तशीच राहते.

त्याआधी कलर डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त कुठल्या दिशेने वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी. ही तपासणी उभं करून व्हायला हवी. झोपवून दोन मिनिटांत उरकली तर गळती निसटू शकते. आणि दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर बीपीच्या गोळीचं नाव बघा. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात. हृदय, किडनी, थायरॉइड यांनीही सुजतात. विदर्भातल्या मंडळींनी हत्तीरोगही डोक्यात ठेवावा.

पायाला दाब देणारे घट्ट मोजे आणलेत पण गरम होतं म्हणून कपाटात आहेत, असं तुम्ही लिहिलंय. उन्हाळ्यात ते नकोसे होतात, खरं आहे. पण सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी चढवा. सूज आल्यावर झटापट होते आणि माणूस वैतागून सोडून देतो. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की पकड येते. वरची कड गुंडाळू देऊ नका, तिथेच दोरीसारखा आवळा बसतो. बहुतेकांना गुडघ्यापर्यंतचे पुरतात. झोपताना काढा. मधुमेह असेल किंवा चालताना पोटरी भरून येऊन थांबावं लागत असेल तर आधी शुद्ध रक्ताच्या धमन्या तपासा. त्या अरुंद असताना घट्ट मोजे घालणं घातक.

कामावर पोळ्या लाटायचं काम तरी उंच स्टुलावर बसून करा. शेगडीपाशी उभं असताना दर अर्ध्या तासाला वीसेक वेळा टाचा उचला. मी गाडीत दांडा धरून हेच करायचो, प्रवासी बघायचे. दुपारी पाय खुर्चीवर ठेवून भागत नाही. आडवं होऊन, खाली घडी घातलेली घोंगडी घेऊन, पाय छातीपेक्षा वर हवेत.

दोन गोष्टींत मात्र वाट बघू नका. एकच पाय अचानक सुजला, दुखला, गरम लागला तर त्याच दिवशी डॉक्टर. सोबत धाप किंवा छातीत दुखणं आलं तर थेट मोठं हॉस्पिटल. आणि फुगलेली शीर फुटून रक्ताची चिळकांडी उडाली तर आडवं व्हा, पाय वर करा, स्वच्छ कापड बोटांनी दाबून धरा, मग हॉस्पिटल गाठा. वर दोरी बांधायची नाही.

डॉपलर झाली की रिपोर्टमधलं एवढं इथे टाका: खोल शिरा मोकळ्या आहेत का, आणि गळती जांघेपाशी आहे की गुडघ्यामागे. मग मोजे किती दाबाचे आहेत तेही खोक्यावर बघून सांगा.