पुस्तक याच तारखेला का संपतं?

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

राजकारणातल्या ताज्या बातमीमागचा इतिहास लेखकांकडून समजून घ्यायचा आणि त्या गप्पा रेकॉर्ड करून लोकांपर्यंत पोचवायच्या, हा तुझा विचार मला मनापासून आवडला. सोलापुरात हे काम कुणीतरी करायलाच हवं होतं. मात्र विषयांची ती लांबलचक यादी तूर्त बाजूला ठेव. सुरुवात एकाच तारखेपासून कर: १७ सप्टेंबर, म्हणजे १९४८ साली निजामाने भारतापुढे शरणागती पत्करली तो दिवस.

दरवर्षी त्या सुमारास तोच वाद नव्याने पेटतो. मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन, कलबुर्गीत कल्याण कर्नाटक उत्सव. हैदराबादेत केंद्र सरकार २०२२ पासून मुक्तिदिनाचा स्वतंत्र कार्यक्रम घेतं आणि तेलंगणाचं सरकार बदललं की त्यांच्या कार्यक्रमाचं नावही बदलतं. बातमी इथवरच पोचते. निजामाच्या हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते, आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कन्नड, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत ते तीन राज्यांत गेले, हे त्या बातमीत सहसा नसतं. एका दिवसावर तीन राज्यं हक्क का सांगतात, ते त्यावाचून कळत नाही.

आपलं सोलापूर संस्थानाबाहेर, मुंबई प्रांतात होतं, पण सरहद्दीला अगदी लागून. निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचे कॅम्प या सरहद्दीवर होते. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, जाचाने गाव सोडलेली माणसं इकडे आली. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय लष्कराच्या मेजर जनरल चौधरींच्या फौजा सोलापूरहूनच हैदराबादच्या रस्त्याला लागल्या आणि त्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात आलं. पाचव्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली.

आपल्याकडची बरीच पुस्तकं इथे संपतात. तुझं खरं काम इथून सुरू होतं. पोलिस ॲक्शननंतर, म्हणजे या लष्करी कारवाईनंतर, संस्थानातल्या मुसलमानांवर जे अत्याचार झाले, त्यांच्या पाहणीसाठी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबादचं नाव घेतलं, म्हणजे आपल्या शेजारचा, आताचा धाराशिव जिल्हा. तो अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. अभ्यासकांना तो उघडपणे पाहायला मिळाला २०१३मध्ये.

म्हणून लेखकासमोर बसलास की आधी विचार: तुमचं पुस्तक याच तारखेला का संपतं? आणि ज्याचं पुस्तक त्या तारखेपासूनच सुरू होतं, त्याला विचार: त्याच्या आदल्या वर्षभरात गावात काय चाललं होतं? रझाकारांनी जाळलेली गावं खरी आहेत आणि नंतरची कत्तलही खरी आहे. एका लेखकाकडून दोन्ही मिळतील अशी अपेक्षा ठेवू नकोस. एकापाठोपाठ दोघांना भेट. शक्यतो एक मराठीत लिहिणारा आणि एक उर्दूत किंवा कन्नडमध्ये. सोलापुरात चार भाषांची घरं एका गल्लीत सापडतात. ही सोय पुण्या-मुंबईच्या पत्रकाराला सहज मिळत नाही, तुला मिळते. ज्याला ज्या भाषेत मोकळं बोलता येतं त्या भाषेत बोलू दे. मराठी सारांश तू नंतर सांग.

भेटीआधी पुस्तक पूर्ण वाच, तळटीपा आणि ऋणनिर्देशासकट. कुणाचे आभार मानलेत यावरून माहिती कुठून आली ते पुष्कळदा कळतं. हिराचंद नेमचंद वाचनालयात बस, जुनी वर्तमानपत्रं कुठे चाळायला मिळतील याची चौकशी कर. मग प्रत्येक मोठ्या विधानापाशी थांबून विचार, हे तुम्हाला कशावरून कळलं? कागद आहे, मुलाखत आहे, की घरात ऐकलेलं? घरात ऐकलेलं टाकाऊ नसतं. आजीने सांगितलेली रात्र कुठल्याही फायलीत नसते. फक्त ते ऐकीव आहे हे श्रोत्याला स्पष्ट सांग. लेखकाला हा प्रश्न अपमान वाटू नये, म्हणून आवाजात आदर ठेव. चांगला लेखक या प्रश्नाने खुलतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

येत्या निवडणुकीत काय होईल, हे त्याला विचारू नकोस. कॅमेरा बघून तो उत्तर देईलही, पण त्या उत्तरासाठी त्याने वीस वर्षं दप्तरं चाळलेली नसतात.

ही तारीख नीट हाताळलीस की सीमाप्रश्न घे. २०२२च्या अखेरीस कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी अक्कलकोट आणि सोलापूरवर हक्क सांगितला, तेव्हा गावभर संताप होता. पण सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाच्या १९६७च्या अहवालात महाराष्ट्रातली २४७ गावं कर्नाटकला द्यावीत अशी शिफारस होती, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. महाराष्ट्राने तो अहवाल का नाकारला, हे अभ्यास केलेल्या माणसाच्या तोंडून लोकांनी ऐकायला हवं. इंग्रजांनी सोलापुरात लावलेला मार्शल लॉ आणि त्यानंतर फाशी गेलेले चार हुतात्मे मात्र घाईने घेऊ नकोस. त्यावर गावात प्रत्येकाला बोलायचं असतं, आणि १९३०च्या त्या मे महिन्याचे कोर्टाचे कागद वाचलेला लेखक मिळेपर्यंत थांबणं बरं.

एक काळजीचं. १९४८ पाहिलेली माणसं आता नव्वदीकडे झुकलीत. त्यांच्यावर लिहिणारे लेखकही थकलेत. एखाद्या लेखकाने सांगितलं की अमक्या गावात एक म्हातारे आहेत, तर पुढचा भाग पुढे ढकल आणि आधी तिथे जा. नळदुर्ग, तुळजापूर, अक्कलकोट, एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

पहिल्या दोन लेखकांसाठीचे प्रश्न लिहून झाले की मला पाठव. छापील पुस्तकातल्या ज्या पानांवरून प्रश्न सुचले त्यांचे क्रमांकही शेजारी लिही.

तुझा,
काका