सोलापुरातल्या जुन्या वाड्याच्या तळघरात मॉडेल रेल्वेचा लेआउट करायचा आहे. खोली आधी कशी तयार करावी?

दक्षिण कसब्यातल्या दगडी वाड्याचं 12 बाय 16 फुटांचं तळघर रिकामं आहे, उन्हाळ्यात गार राहतं, मग एचओ स्केलचा (1:87, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढा) लेआउट लगेच सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय. लगेच नको. एक पावसाळा जाऊ द्या. मे महिन्यात ठणठणीत कोरडं दिसणारं तळघर सप्टेंबरात काय रंग दाखवतं ते बघा, मगच प्लाय आणा. आपल्याकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरातच असतो.

चाचणी सोपी आहे. दीड फूट लांबी-रुंदीचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा फरशीवर आणि तसाच एक भिंतीवर लावा, चारही कडा टेपने बंद करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल जमिनीतून किंवा भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला दिसले तर हवेतली वाफ गार भिंतीवर बसतेय. बरेच जण इथेच गफलत करतात: वाफेवर वॉटरप्रूफिंग मारतात आणि जमिनीच्या ओलीवर डीह्युमिडिफायर लावतात.

जमिनीची ओल असेल तर काम बाहेरून सुरू करा. पन्हाळीचं पाणी जोत्यापासून लांब न्या, अंगणाचा उतार भिंतीपासून उलटा करा, फुटाला अर्धा ते एक इंच. भिंतीला लोणा (ओलीबरोबर बाहेर येणारं पांढरं मीठ) लागला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसलात तर मीठ विरघळून परत दगडात शिरतं. सुटलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढा आणि पुन्हा चुन्याचाच करा. सिमेंटचा गिलावा किंवा ऑइल पेंट लावला की भिंतीचा श्वास कोंडतो, ओल वर चढते आणि दोन वर्षांत छातीएवढ्या उंचीवर पोपडे सुटतात. गवंडी सिमेंटचाच आग्रह धरेल, ऐकू नका.

फरशीच्या सांध्यांतून ओल येत असेल तर शहाबादी उचला, खालची काळी माती काढा, सहा इंच मुरूम धुमसा, त्यावर 250 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद (सांध्याला फूटभर एकावर एक, कडा भिंतीवर चढवून), मग तीन इंच काँक्रीट आणि फरशी. फरशी उघडी आहे तेव्हाच भिंतीच्या कडेने वाळवीची प्रक्रिया उरकून घ्या.

काळ्या मातीचा आणखी एक त्रास: ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीही केसभर हलतात. म्हणून लेआउटचा सांगाडा भिंतीला ठोकू नका. एक इंची चौकोनी लोखंडी पाइपाचे पाय करा, प्रत्येक पायाखाली एम10 बोल्ट द्या. पावसाळ्यानंतर लेव्हल लावून बोल्ट फिरवले की झालं. शिवाय लोखंडाला वाळवी लागत नाही.

वाड्याचं छत लाकूड-मातीचं असेल तर वर कोणी चाललं तरी माती झडते. सहा मिमीचं कॅल्शियम सिलिकेट बोर्ड खालून मारा, पण त्याआधी दिव्यांचं वायरिंग ओढा. खोलीला वेगळं सर्किट, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच), प्लगचे पॉइंट जमिनीपासून किमान अडीच फुटांवर आणि दाराशी एकच मुख्य स्विच, म्हणजे बाहेर पडताना सगळं बंद. दिवे टेबलाच्या पुढच्या कडेच्या जरा बाहेर, 4000 केल्विनचे (ना पिवळट ना निळसर). डोक्यामागे दिवा आला तर तुमचीच सावली स्टेशनवर पडते.

आणि कूलर! सोलापूरकर उन्हाळ्यात सवयीने कूलर लावतो. या खोलीत नको. दमट हवेने प्लाय फुगतो आणि कूलरचे बारीक तुषार रुळांवर पडले तर आपल्या जड पाण्याचे क्षार तिथेच बसतात. पावसाळ्यात खिडक्याही उघड्या टाकू नका, बाहेरची दमट हवा गार भिंतीवर घाम आणते. भिंतीवर आर्द्रतामापक टांगा, काटा 40 ते 60 टक्क्यांत हवा.

मापं आताच ठरवा. एलएचबी डबा (रेल्वेचा नव्या पद्धतीचा लांब प्रवासी डबा) या स्केलमध्ये जवळपास 270 मिमी होतो. वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या तिप्पट धरली तर 32 इंच, म्हणजे परतीच्या वळणाला सहा फुटांची जागा लागते. टेबल 30 इंचांहून खोल नको, हात पोहोचत नाही; चालायची वाट किमान 30 इंच. 24 डब्यांची गाडी साडेसहा मीटर होईल, तिचा मोह सोडा. बार्शी लाइट रेल्वेचा, म्हणजे आपल्या भागातल्या जुन्या नॅरोगेजचा, विचार मात्र जरूर करा: तिचा 762 मिमीचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) या स्केलमध्ये 8.76 मिमी येतो, म्हणजे 9 मिमीचा तयार ट्रॅक जवळपास जसाच्या तसा चालतो. ब्रॉडगेजला ही चैन नाही. 1676 मिमीचे 19 मिमी व्हायला हवेत आणि बाजारात मिळतो 16.5 मिमीचा ट्रॅक.

रूळ वाकतात तेव्हा लोक उष्णतेला दोष देतात. पाच मीटर रूळ 25 अंशांच्या फरकाने जेमतेम दोन मिमी वाढतो. खरा खेळ लाकडाचा असतो: ऑगस्टमध्ये फुगलेल्या लाकडावर रूळ घट्ट बसवले की एप्रिलमध्ये लाकूड आकसतं आणि रूळ उचलतात. बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) ग्रेडचा 12 मिमी प्लाय घ्या, कडांसकट सर्व बाजूंनी दोन हात सीलर मारा. रूळ पावसाळ्यात टाकलेत तर सांध्यात मिलिमीटरभर फट सोडा.

झाकायला प्लास्टिक घ्या, घरातली जुनी चादर नको. तिचे धागे इंजिनाच्या गिअरमध्ये गुंडाळतात आणि मग चिमट्याने एकेक काढत बसावं लागतं.