मास्टरिंग शिकताय? आधी पातळी जुळवून ऐका
मास्टरिंग म्हणजे तयार मिक्सवर (सगळे ट्रॅक एकत्र जुळवलेल्या गाण्यावर) फिरवायचा शेवटचा हात. त्यातल्या लिमिटरचं, म्हणजे आवाज ठरावीक मर्यादेवर रोखणाऱ्या साधनाचं, नंतर बघू. आधी तुमच्याच शैलीतली, उत्तम मास्टर झालेली दोन-तीन गाणी प्रोजेक्टमध्ये आणा आणि त्यांची पातळी तुमच्या मिक्सइतकी खाली घ्या. हे टाळू नका. जरा मोठं वाजलेलं कानाला चांगलंच वाटतं. मग आपण खरंच सुधारणा केली की नुसता आवाज वाढवला, हे कळेनासं होतं. म्हणून प्रत्येक प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर) बायपास, म्हणजे तात्पुरतं बंद करून, पातळी जुळवूनच तुलना करा. स्पॉटिफाय एरवी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास आणूनच वाजवतं, तेव्हा डायनॅमिक्स (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक) चिरडून फारसं काही हाती लागत नाही. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं सर्वोच्च टोक, उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. आणि ईक्यू (खर्ज ते तीव्र पट्ट्यांची पातळी कमी-जास्त करणारं साधन) ३ डीबीहून जास्त फिरवावा लागत असेल, तर बहुतेकदा दोष मिक्समध्ये असतो. तिथेच परत जा.