घरच्या लवंगी मिरच्या संपता संपत नाहीत, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गच्चीवर कुंड्यांमध्ये लवंगीची सहा झाडं आहेत, आठवड्याला पाव किलो तरी मिरची निघते, घरात माणसं दोनच आणि फ्रीजमध्ये ठेवलेल्या सडून जातात. आमच्याकडे सांगलीला गेली कित्येक वर्षं हेच चालू आहे, त्यामुळे जे खरंच उपयोगी पडलं तेवढंच सांगते.

पहिलं म्हणजे सगळ्या हिरव्या तोडू नका. सहापैकी तीन झाडांच्या मिरच्या झाडावरच लाल होऊ द्या. झाडावर फळ पिकायला लागलं की नवीन फुलं कमी येतात, म्हणजे तुमचा ढीग आपोआप आटोक्यात येतो, आणि वाळवायला लाल मिरचीच लागते. हिरवी मिरची उन्हात घातली तर ती लाल होत नाही, पांढरट पिवळी पडते आणि तिखटाला रंगच येत नाही. मी पहिल्या वर्षी अशी अख्खी परात वाया घालवली, फार वाईट वाटलं होतं.

फ्रीजमध्ये सडतात त्या बहुतेक ओलीमुळे. धुवून ठेवू नका. देठ काढा, कोरड्या फडक्याने पुसा, स्टीलच्या डब्यात खाली वर टिश्यू घालून ठेवा, दोन अडीच आठवडे सहज टिकतात, फक्त मधे मधे डबा उघडून एखादी मऊ पडलेली दिसली तर लगेच काढून टाकायची. त्याहून जास्त असतील तर फ्रीजर. मिरचीला उकळत्या पाण्यातून काढायची गरज नसते, अख्ख्या कोरड्या मिरच्या पिशवीत घालून हवा काढून ठेवल्या की झालं. बाहेर काढून सुटायची वाट बघू नका, लिबलिबीत होतात. गोठलेलीच कापून फोडणीत टाकायची, कापायलाही सोपी जाते आणि हाताला कमी झोंबते.

पण माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे ताकातली मिरची. माझ्या सासूबाईंनी शिकवली. पाव किलो मिरच्या, थोड्या जाड बघून घ्या, धुवून पूर्ण कोरड्या करा, देठ ठेवा, पोटात एक उभी चीर द्या. दोन वाट्या आंबट दही थोडंसंच पाणी घालून घुसळायचं, दोन मोठे चमचे मीठ, धने जिरे आणि भाजलेल्या मेथीची पूड, बऱ्यापैकी हिंग. त्यात मिरच्या रात्रभर. सकाळी निथळून ताटात उन्हात घालायच्या, संध्याकाळी परत त्याच ताकात, आणि असं ताक संपेपर्यंत, साधारण तीन चार दिवस (दिवसा उरलेलं ताक फ्रीजमध्ये ठेवते मी). ताक संपलं की मग कडकडीत वाळवायच्या. दुसऱ्या दिवशी त्या मरगळलेल्या, हिरवट पांढऱ्या दिसतात आणि वाटतं की बिघडलं, पण बिघडलेलं नसतं, पाचव्या सहाव्या दिवशी दहीमीठ कातडीवर पांढरं बसतं, बोटाने मोडली की कट्कन आवाज येतो, तेव्हा बरणीत भरायच्या. तेलात काळपट होईपर्यंत तळून दहीभातावर चुरा. वर्षभर टिकते. पावसाळ्यात मात्र करू नका, ऊन खणखणीत लागतं.

लाल झालेल्यांतल्या अर्ध्या वाळवा, अर्ध्यांचा रंजका, म्हणजे ओल्या लाल मिरचीची चटणी, करा. वाळवायच्या त्या हलवल्यावर आत बिया खुळखुळ वाजेपर्यंत. नंदुरबारकडे मोठमोठ्या पथाऱ्यांवर लाल मिरची पसरलेली असते, तिथेही सगळा खेळ उन्हाचाच. अर्धवट वाळलेली डब्यात गेली की आतून काळी बुरशी धरते, ती पोटाला घातक असते, अशी मिरची फोडून बघा आणि टाकून द्या. तिखट करताना नुसती लवंगी जहाल होते, तिच्यात ब्याडगी मिसळा, रंग ब्याडगीचा आणि झणका लवंगीचा.

रंजक्याला पाव किलो ओल्या लाल मिरच्या, लसणाचा एक मोठा गड्डा, थोडं जिरं, तीन मोठे चमचे मीठ, चार पाच लिंबांचा रस. पाण्याचा थेंब न लावता जाडसर वाटायचं. काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये. खाताना वरून कच्चं तेल आणि भाकरी, बस्स. मिक्सर थांबल्यावर झाकण लगेच उघडू नका, दोन मिनिटं थांबा, नाहीतर ठसका लागतो.

आणि हे कळकळीने सांगते, ताज्या मिरच्या लसणासकट नुसत्या तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवू नका. व्हिडिओत दिसायला छान दिसतं. पण तेलाखाली हवा नसते, आणि आंबट काही नसलं की तिथे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, वासावरून कळत नाही. लोणचं करायचं तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आणि मीठ भरपूर हवं.

हाताची आग होते त्याला नुसतं पाणी उपयोगाचं नाही, तिखटाचा अंश पाण्यात विरघळत नाही. आधी तेल चोळा मग साबणाने धुवा, तोंड पोळलं तर दूध किंवा दही. जास्त तिखट नको असेल तर बिया काढत बसू नका, आतली पांढरी शीर काढा, खरा तिखटपणा तिथे असतो.

दोन तीन चांगल्या भरलेल्या लाल मिरच्या बियाण्याला बाजूला ठेवा. शेजारच्या कुंडीत ढोबळी असेल तर मात्र त्या झाडापासून लांबच्या झाडाच्या घ्या, कारण परागकण मिसळले तर पुढच्या वर्षी वेगळीच मिरची येते.