रक्त येतंय म्हणून ब्रश बंद करू का?

प्रश्न : काही महिने झाले, ब्रश करताना खालच्या पुढच्या दातांच्या हिरडीतून रक्त येतंय, दुखत मात्र काही नाही. म्हणून तिथे ब्रश लावणंच सोडलंय, नुसत्या माऊथवॉशने चुळा भरते. डेंटिस्ट म्हणतात स्केलिंग करा, म्हणजे दातांवरचा कडक थर त्यांच्याकडून काढून घ्या, पण मैत्रिणीचे दात त्यानंतर हलायला लागले, त्यामुळे धीर होत नाही. काय करू?

उत्तर : आधी ब्रश परत सुरू करा आणि जिथून रक्त येतं तिथेच जास्त नीट फिरवा. हिरडीच्या कडेला जंतूंचा चिकट थर बसतो ना, प्लाक, त्यानेच ती सुजलीय आणि तुम्ही नेमका तोच तिथे राहू दिलाय! चुळा भरून तो जात नाही, घासूनच काढावा लागतो. ब्रश सॉफ्टच हवा, 45 अंशात तिरका धरायचा, केसांची टोकं हिरडीच्या कडेला टेकली पाहिजेत, आणि जागच्या जागी हलकेच हलवायचा, भांडी घासल्यासारखा जोर नको. दोनदा, 2-2 मिनिटं, रात्रीचा तर चुकवूच नका. दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस, म्हणजे दात साफ करायचा बारीक दोरा. सुरुवातीला रक्त येईल, येऊ दे, नुसती वरवरची सूज असेल तर 1-2 आठवड्यांत कमी होतं.

आता स्केलिंगचं. प्लाक तसाच राहिला की लाळेतल्या क्षारांनी कडक होतो, तोच टार्टर, आणि खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला तो जास्त साठतो कारण लाळेच्या ग्रंथी तिथेच जिभेखाली उघडतात. जीभ फिरवून बघा, खरखरीत लागेल. तो ब्रशने निघत नाही आणि पिनेने खरवडायचा उद्योग तर अजिबात करू नका. मैत्रिणीचं म्हणाल तर दाताभोवतीचं हाड बहुतेक आधीच झिजलं असणार, टार्टरच्या थरामुळे दात एकमेकांना धरून होते, थर निघाला आणि हलणं कळलं. बिचाऱ्या स्केलिंगवर उगाच आळ! गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही, म्हणून न दुखण्यावर विसंबू नका.

तपासताना हिरडीचं पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडीमधली फट, किती खोल आहे ते विचारा, 3 मिलिमीटरपर्यंत ठीक, 4 किंवा जास्त असेल तर मुळापर्यंतची सफाई लागू शकते. शुगरही तपासून घ्या, ती वाढलेली असली की हिरड्या लवकर बऱ्या होत नाहीत. आणि बीपीसाठी अॅम्लोडिपिन चालू असेल तर सांगा, त्यानेही काहींच्या हिरड्या सुजतात, पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.